सनराइज (१९२७): बायकोने इतक्या लवकर माफ करणं तुम्हाला पटतं का?

सायली_के

नमस्कार मंडळी, दिग्दर्शक मुर्नाऊचा सनराइज हा मूकपट परवा बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारतेय. मूकपट मी फार बघितलेले नाहीत, त्यामुळे ज्यांनी बरेच बघितलेत त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज. खाली पूर्ण गोष्ट फोडलीय, बघायचा असेल तर इथेच थांबा.

तलावाकाठचं एक खेडं. तिथला एक तरुण शेतकरी, त्याची बायको, तान्हं बाळ. कुणालाच नावं नाहीत, नुसता तो पुरुष आणि त्याची बायको. शहरातून सुट्टीला आलेली एक बाई तिथेच रेंगाळलीय आणि तिने याला पुरता नादी लावलाय. रात्री ती खिडकीबाहेर येऊन शीळ घालते, इकडे बायको जेवायचं टेबल मांडतेय आणि हा उठून निघून जातो! दलदलीत भेटल्यावर ती सांगते शेत विकून टाक आणि माझ्याबरोबर शहरात चल. तो विचारतो बायकोचं काय, तर ती म्हणते ती बुडून मरू शकत नाही का. नावेतून न्यायचं, नाव उलटवायची, आणि स्वतः तरंगत राहायला लव्हाळ्याची मोळी आधीच नावेत लपवून ठेवायची, असा सगळा प्लॅन तीच देते.

दुसऱ्या दिवशी हा बायकोला खरंच नावेत बसवतो. ती बिचारी खूश, किती दिवसांनी नवरा कुठेतरी घेऊन चाललाय म्हणून छान आवरून निघालेली. तलावाच्या मध्यावर तो उठून तिच्या अंगावर येतो, ती हात जोडते, आणि ऐन वेळी याच्याच्याने होत नाही. पुढे ती पळते, ट्राममध्ये चढते, हा मागोमाग, दोघं शहरात पोचतात आणि तिथे दुपारपर्यंत त्यांचं पुन्हा जुळतं. फोटो काय काढतात, जत्रेत नाचतात काय. रात्री परतताना वादळ येतं, नाव खरोखरच उलटते आणि ती मोळी त्याने तिच्या अंगाला बांधलेली असते म्हणून ती वाचते.

माझे प्रश्न दोन. एक म्हणजे, सकाळी ज्या माणसाने जीव घ्यायला हात उचलला त्याला त्याच दिवशी माफ? मला डोक्याने अजिबात पटलं नाही, पण चर्चच्या सीनला मी ढसाढसा रडले, आणि हे दोन्ही एकाच वेळी कसं होऊ शकतं हे मला कळत नाहीये. दुसरा, त्या शहरातल्या बाईने त्याला फसवलं असं म्हणायचं, की त्याच्या मनात ते आधीपासूनच होतं? म्हणजे दोष नक्की कुणाचा मानायचा?

नदीकाठ

सायली, छान धागा काढलास. हा माझा फार जवळचा सिनेमा आहे त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घे.

लवकर माफ केलं असं वाटतं कारण घड्याळाप्रमाणे एकच दिवस आहे. पण पडद्यावर किती वेळ दिलाय ते परत बघ. नाव काठाला लागते तिथपासून चर्चपर्यंत मुर्नाऊ अजिबात घाई करत नाही. ट्राममध्ये दोघं शेजारी, ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, खिडकीबाहेर झाडं जातात, तलाव जातो, मग कारखाने, मग शहर सुरू होतं आणि आत हे दोघं पुतळ्यासारखे. तो एवढंच म्हणतो की मला घाबरू नकोस. माफ कर म्हणायचीसुद्धा त्याची टाप नाही अजून, आणि दिग्दर्शक त्याला म्हणूही देत नाही.

मग ते कॅफेत जातात तो सीन. माझ्या मते अख्ख्या सिनेमाचा जीव तिथे आहे आणि लोक चर्चबद्दलच बोलत बसतात. तो केकची बशी तिच्यापुढे सरकवतो. ती घेते एक तुकडा, म्हणजे बघ, तिला खायचं नाहीये, पण समोर ठेवलंय म्हणून हात जातो, वर्षानुवर्षांची सवय आहे ती. घास तोंडाशी नेते आणि तिथेच तिचा बांध फुटतो. बायको झालेल्या जॅनेट गेनरने तो सीन कसला केलाय! कुठे हातवारे नाहीत की डोळे फिरवणं नाही, मूकपट म्हटलं की जे आपल्या डोळ्यांपुढे येतं त्यातलं काही म्हणजे काहीच नाही. आणि तो समोर बसून नुसता बघतोय, त्याला कळतंय की बशी सरकवून हे भरून येणारं नाही.

नंतर फुलं घेऊन देतो. तरी ती रडतेच. म्हणजे खाऊ झाला, फुलं झाली, नवरे मंडळी जे जे करतात ते सगळं करून झालं आणि काही उपयोग झाला नाही. हे सगळं संपल्यावर मग चर्च येतं. तिथे दुसऱ्याच कुणाचं लग्न चाललंय, पाद्री नवऱ्या मुलाला सांगतोय की हिला सांभाळ, जप, आणि हे ऐकून हा कोसळतो. तिच्या मांडीत डोकं घालून रडतो. त्या क्षणी पहिल्यांदा त्याला आपण काय करायला निघालो होतो ते पूर्ण कळलंय आणि तिला ते दिसलंय. तू रडलीस ती त्याच्यावर विश्वास ठेवून नाही रडलीस, तिला ते दिसलं म्हणून रडलीस असं मला वाटतं.

आणि माफी तिथे संपत नाही हेही सांगतो. पुढे न्हाव्याच्या दुकानात एक आगाऊ माणूस बायकोला त्रास देतो तेव्हा हा खिशातून चाकू काढतो. त्या वेळी बायकोचा चेहरा बघ. सकाळची भीती परत येते, काही क्षणच, पण येते. पुढचा सगळा आनंदीआनंद बघताना मी तो चेहरा विसरू शकत नाही.

अबोली

नदीकाठ, तुम्ही लिहिलंय छान, पण मी ठामपणे असहमत आहे.

कॅफेचा सीन सुंदर आहेच, गेनर ग्रेटच आहे, त्यावर वाद नाही. पण सायलीचा प्रश्न तिने कसा अभिनय केला हा नव्हता. प्रश्न असा आहे की माफ न करण्याचा पर्याय सिनेमा तिला देतो का? नाही देत. ती पळून जाते कुठे, तर ट्राममध्ये, आणि तो मागे आहेच. शहरात तिचं कुणी नाही, हातात पैसा नाही, बाळ घरी. तिने नाही म्हणायचं ठरवलं असतं तर ती रात्री कुठे गेली असती? आपल्याकडे अशा कितीतरी बायका आहेत ज्यांच्या माफीला समजूतदारपणा म्हणून नावाजतात आणि दुसरा रस्ताच नव्हता हे कुणी बोलत नाही. माझ्या नात्यातच बघितलंय, त्यामुळे मला तो सिनेमा बघताना चर्चमध्ये रडू आलं नाही, मला राग आला.

आता दुसरा प्रश्न. शहरातल्या बाईला सिनेमाने निव्वळ पाप करून ठेवलंय. काळे कापलेले केस, सिगरेट, उंच टाचा. ती जिथे राहते तिथलं म्हातारं जोडपं जेवत बसलंय आणि ही पाय पुढे करून म्हातारीला बूट पुसायला लावते. एवढं दाखवलं की झालं, प्रेक्षक हिचा द्वेष करायला मोकळा. तिला काय हवंय, ती इथे का थांबलीय, या माणसात तिला काय दिसलं, काहीही सांगत नाहीत. आणि बायको म्हणजे घट्ट बांधलेले सोनेरी केस आणि सहन करणं. दोन्ही बायका अशा साच्यातल्या केल्या की मधला पुरुष आपोआप बिचारा होतो!

आणि तो काही बिचारा नाही. दलदलीत ती बुडवायचं बोलते तेव्हा तो चिडून तिचा गळा धरतो, आणि शेवटी बायको मेली असं समजून परत तिचाच गळा आवळतो. बायकोच्या अंगावर चालून जातो ते वेगळंच. म्हणजे या माणसाचा हात दोन्ही बायकांवर उठतो. मोह कुणी घातला हे बाजूला ठेवा, हात कुणाचे आहेत?

एक गोष्ट मुद्दाम सांगते. ही कथा मूळची जर्मन लेखक हेर्मान झूडरमानची आहे, कार्ल मायरने त्यावरून पटकथा केली. मूळ कथेत बायको मोळीच्या आधाराने वाचते आणि नवरा बुडून मरतो. तिथे त्याने जे योजलं होतं ते त्याच्यावरच उलटतं. सिनेमात दोघांना वाचवून सूर्योदय दाखवलाय. मला विचाराल तर मूळ शेवट जास्त प्रामाणिक आहे.

फ्रेम_चोवीस

अबोलीताईंचा हातांचा मुद्दा एकदम करेक्ट आहे, आणि मला वाटतं मुर्नाऊला तो माहीत होता. मी कॅमेऱ्याच्या बाजूने सांगतो कारण दोष कुणाचा याचं उत्तर तिथे दिलेलं आहे.

दलदलीचा शॉट आठवा. तो चंद्रप्रकाशात चालत निघतो आणि कॅमेरा त्याच्या मागे, झाडांतून, कुंपणावरून, वळणं घेत. त्या काळात कॅमेरा केवढा जड, तो स्टुडिओतल्या सेटवर वर रूळ टांगून त्यावरून सोडलाय. आधी आपण त्याच्या पाठीमागे असतो, मग कॅमेरा त्याला सोडून एका बाजूने झाडी बाजूला सारत पुढे जातो आणि ती बाई उभी दिसते, तो अजून पोचलेलाच नाही. म्हणजे त्याच्या आधी आपण तिच्यापाशी पोचलो. ओढ आपल्यालाच लागलीय, त्या कॅमेऱ्याने आपल्यालाच नादी लावलं. मी हा शॉट कितीही वेळा बघू शकतो.

नंतर तिने शहराचं वर्णन करायला सुरुवात केली की त्यांच्या समोर आकाशात शहर उभं राहतं, दिवे, बँड, नाचणारी माणसं. मोह शब्दांत सांगितलाच नाही, दाखवला. सांगायचं वाक्य एकच, ते बुडवण्याचं, आणि त्या संवादाची लिखित पाटी पडद्यावर आली की तिची अक्षरं खाली घसरत विरघळतात, बुडाल्यासारखी.

आता महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी तो घरी एकटा असतो तेव्हा ती बाई तिथे नाहीये. पण तिची पारदर्शक आकृती मागून येऊन त्याला मिठी मारते, गालाशी गाल लावते. चार्ल्स रोशर आणि कार्ल स्ट्रस या दोन छायाचित्रकारांनी हे डबल एक्सपोजर (एकाच फिल्मवर दोनदा चित्रण) कॅमेऱ्यातच केलेत, आजच्यासारखं नंतर कॉम्प्युटरवर बसून नाही. तर ती आकृती कुठून आली? त्याच्याच डोक्यातून. ती बाई त्या वेळी त्याच्यासमोर नाहीच, आता जे काय चाललंय ते हा स्वतःच स्वतःला करतोय. सायलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच, बाईने बी टाकलं असेल पण खतपाणी याने घातलं, आणि सिनेमा ते लपवत नाही.

चाल बघा त्याची. नवरा झालेल्या जॉर्ज ओब्रायनच्या बुटांत मुर्नाऊने शिसं घालायला लावलं होतं म्हणून तो असा खांदे पाडून, पाय ओढत चालतो. नावेत तो उठतो तेव्हा फ्रेम भरून जाते. आणि शहरात माफी मिळाल्यावर तोच माणूस हलका चालायला लागतो.

पहिल्या ऑस्करला, म्हणजे १६ मे १९२९ च्या समारंभात, छायाचित्रणाचं बक्षीस रोशर-स्ट्रसना मिळालं, गेनरला अभिनेत्रीचं मिळालं (तिचं सनराइज धरून तीन सिनेमांसाठी मिळून होतं), आणि सनराइजला अद्वितीय आणि कलात्मक चित्रपट असं एक वेगळंच बक्षीस मिळालं जे त्या वर्षानंतर कुणालाच दिलं नाही. ते बंद करायला नको होतं असं माझं प्रामाणिक मत.

घाटमाथा

एक राहिलंच, कुणाच्या लक्षात आलं नाही का, सावकार! सुरुवातीला गावातल्या बायका बोलतात की हे दोघं पूर्वी किती सुखात होते आणि आता त्या बाईपायी सावकार शेत धुऊन नेताहेत, आणि गोठ्यातून जनावर नेताना दाखवतात. हा मोह नुसता शरीराचा नाहीये, घर बुडतंय. शेत विकून शहरात चल हे ती म्हणते त्याला तिथून जोर येतो.

आपल्याकडे त्याच सुमाराला, १९२५ मध्ये, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी सावकारी पाश केला होता, नारायण हरी आपट्यांच्या कथेवर, त्यात तरुण शेतकरी व्ही. शांतारामांनी केला. तिथे जमीन जाते ती सावकाराच्या लबाडीने आणि शेतकरी शहरात गिरणीत पोटासाठी जातो. तिकडच्या मूकपटात शहर म्हणजे दिवे आणि जत्रा आणि इकडच्या मूकपटात गिरणी. मला या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून विचार करायला आवडतं. अबोलीताई म्हणतात तशी बायकोकडे पैसा नाही, पण मुळात घरातच काही उरलेलं नाहीये.

अबोली

घाटमाथा, सावकाराचं खरंच निसटलं होतं बघताना, धन्यवाद. आणि फ्रेम_चोवीस, ती पारदर्शक आकृती त्याच्याच डोक्यातून येते हे मान्य. पण मग शेवटी गळा तिचा का आवळतो? स्वतःच्या डोक्यातलं भूत मारायला खऱ्या बाईच्या अंगावर धावतो, आणि तो थांबतो कशामुळे, तर बायको जिवंत आहे अशी हाक येते म्हणून. हाक यायला उशीर झाला असता तर? त्याची सुधारणा कॅफेत आणि चर्चमध्ये झाली असेल तर ती तलावकाठी टिकायला हवी होती.

नदीकाठ

अबोली, हा प्रश्न अवघड आहे आणि मला त्याला बगल द्यायची नाहीये. मला असं वाटतं की तो सुधारला असं सिनेमा म्हणतच नाही. त्याला परत मिळालं एवढंच म्हणतो, आणि तेही त्याच्या कर्तृत्वाने नाही. वादळात त्याने मोळी तिला बांधली हे एकच काम त्याने केलं. बाकी ती सापडते गावातल्या म्हाताऱ्याला, कंदील घेऊन अख्खा गाव नावा घालतो पाण्यात, हा हाका मारून दमून घरी आलेला असतो. त्या हाकांना आवाज नाहीये, माणसाच्या आवाजाऐवजी वाद्यवृंदातलं हॉर्न वाजतं, इतकं लांब आणि ओरबाडणारं की बोलपटात नटाने कितीही ओरडून ते जमलं नसतं.

झूडरमानचा शेवट प्रामाणिक आहे म्हणालात. हिशोब चुकता होतो हे खरं. पण मेलेल्या माणसाला केलेल्या गोष्टीसोबत जगावं लागत नाही. याला जगायचंय, रोज तिच्यासमोर. मला तो शेवट सोपा वाटत नाही, उलट तोच जड वाटतो.

अबोली

हे पटण्यासारखं आहे. तिलाही त्याच्यासमोर रोज जगायचंय हे फक्त जोडते.

सायली_के

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. न्हाव्याच्या दुकानातला चाकू मी बघितला होता पण बायकोचा चेहरा बघितला नव्हता, आता तो सीन आधी बघणार. अबोलीताई, तुमचा राग मला माझ्या डोक्यातल्या न पटण्याची नीट बाजू वाटला, तेच मला मांडता येत नव्हतं. आणि मला अजून एक आठवतंय, नावेत निघताना कुत्रा साखळी तोडून पाण्यात उडी मारून त्यांच्या मागे येतो, आणि नवरा वैतागून त्याला परत बांधायला नाव काठाला नेतो. बायको तेवढ्या वेळात उतरू शकली असती ना! तिच्या मनात शंका आलेलीच असते, ती जरा अवघडते, इकडेतिकडे बघते, आणि तरी बसून राहते. भुलवणं म्हणतो ते तिच्याही बाबतीत झालंय असं मला आता वाटायला लागलंय, नवरा फिरायला नेतोय या एवढ्याशा आशेवर ती बसून राहिली. त्या शहरातल्या बाईला निदान काय करतोय ते माहीत तरी होतं.

मी नेटवर जो बघितला त्याला कुणीतरी नवीन पियानो टाकलाय आणि चित्रही फार अंधारं होतं. चांगली प्रिंट कुठली बघावी?

फ्रेम_चोवीस

कुत्र्याचं निरीक्षण जबरदस्त, यावर कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

प्रिंटचं सांगतो. मूळ निगेटिव्ह १९३७ मध्ये सिनेमा काढणाऱ्या फॉक्स कंपनीच्या गोदामाला न्यू जर्सीत आग लागली त्यात गेली, त्यामुळे आज जे आहे ते वाचलेल्या प्रिंटांवरूनच केलेलं आहे, थोडं अंधारं सगळीकडेच दिसणार. दोन आवृत्त्या मिळतात. एक मुव्हीटोन ध्वनिपट्टीची (म्हणजे फिल्मवरच आवाज रेकॉर्ड केलेली), साधारण दीड तासाची, आणि दुसरी चेक अर्काइव्हमध्ये सापडलेली, ती लहान आहे पण चित्र बरंच स्वच्छ आहे. पहिल्यांदा मुव्हीटोनचीच बघा. हा सिनेमा २३ सप्टेंबर १९२७ ला न्यूयॉर्कला लागला तेव्हाच त्याच्यासोबत ह्युगो रीझेनफेल्डचं रेकॉर्ड केलेलं संगीत आणि गाड्यांचे हॉर्न, चर्चच्या घंटा वगैरे होतं. नदीकाठ म्हणतात ती हाक त्या पट्टीवरच आहे, पियानो टाकलेल्या कॉपीत ती ऐकूच येणार नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून कॉपीराइट संपलाय म्हणून नेटवर वाट्टेल तशा कॉप्या फिरताहेत, तेव्हा वर्णनात मुव्हीटोन लिहिलंय का बघा आणि सुरुवातीची पाच मिनिटं ऐकून खात्री करा. मोबाइलवर नको, टीव्हीवर लावा आणि खोलीतले दिवे घालवा, दलदलीतलं धुकं नाहीतर नुसतं करडं दिसतं.

घाटमाथा

मुव्हीटोनवालीला दुजोरा. सायली, परत बघून झालं की न्हाव्याच्या दुकानाबद्दल इथेच लिही, वाट बघतो.